टॅपेट वाजलेलं बरं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मूळचा कोल्हापूरचा. १९८४ साली नोकरीच्या निमित्तानं इंग्लंडात गेलो आणि लेस्टर शहरात स्थायिक झालो. आता निवृत्त आहे. वर्षातून एकदा गावी येतो. या खेपेला आलो तेव्हा केंद्रावरच्या मंडळींनी विचारलं, 'तुमच्या त्या जुन्या गाडीबद्दल श्रोत्यांना काही सांगाल का?' मी हो म्हटलं. पण गाडीबद्दल बोलायचं तर माझ्या वडिलांबद्दल बोलल्याशिवाय ते पुरं होणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

गाडी आहे फोक्सवॅगनची, १९७२ सालची. वरचा भाग पांढरा, खालचा नारिंगी. आपल्याकडच्या जुन्या मॅटाडोरची आठवण यावी असा चौकोनी डबा. आत एक बाक, तो उलगडला की दोघांचं अंथरूण होतं. दोन बर्नरची शेगडी, भांडी धुवायला लहानसं बेसिन, चार कपाटं. छप्पर वर उचललं की लहान मुलांसाठी दोन झोळ्या. थोडक्यात, चाकांवरची एक खोली.

या गाडीचा इतिहास गमतीचा आहे. बेन पोन नावाच्या एका डच व्यापाऱ्यानं १९४७ साली आपल्या वहीत एका डब्याचं रेखाचित्र काढलं. मागं इंजिन, पुढं चालक, मधे सामान. फोक्सवॅगनच्या 'बीटल' मोटारीचेच भाग वापरून अशी गाडी करता येईल, अशी त्याची कल्पना. १९५० च्या मार्चमध्ये ती गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढं लोकांनी तिच्यात अंथरूण-पांघरूण आणि शेगडी घालून तिचं फिरतं घर केलं. जर्मनीत हे काम वेस्टफालिया कंपनी १९५१ पासून करायची, इंग्लंडात सिडमथ गावी 'डेव्हन' नावानं १९५६ पासून सुरू झालं. माझी गाडी या डेव्हनवाल्यांचीच. १९६७ साली गाडीचं रूप बदललं, पुढची दोन तुकड्यांची काच जाऊन सलग, फुगीर काच आली. जर्मनीत हे रूप १९७९ मध्ये बंद झालं, पण ब्राझीलमध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या थेट २०१३ सालापर्यंत बनत होत्या.

आपल्या मॅटाडोरची आठवण यावी, यातही थोडं नातं आहे. १९४९ साली जर्मनीत हाम्बुर्गच्या टेम्पो कंपनीनं पहिली मॅटाडोर काढली, तेव्हा तिला सुरुवातीला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. पुढं ते बदललं. पुण्याच्या बजाज टेम्पोनं जी मॅटाडोर आपल्या रस्त्यांवर आणली, ती या कुळातली, पण इंजिन वेगळं आणि पुढं बसवलेलं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांचं कोल्हापुरात उद्यमनगरात दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. शेतीची ऑइल इंजिनं, मॅटाडोर, टेम्पो, जे येईल ते. माझं बालपण त्या दुकानात डिझेलच्या वासात गेलं. मी इंजिनिअर झालो, पण ड्रॉइंग बोर्डावरचा. पाना हातात धरला तो वयाच्या पन्नाशीत, ही गाडी घेतल्यावर.

२००९ साली मी ती विकत घेतली. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. लगेच पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं वेल्सच्या डोंगरात गेलो. चढ चढून एका ठिकाणी चहाला थांबलो. बायको म्हणाली, 'पेट्रोलचा वास येतोय.' मी म्हटलं, 'जुन्या गाडीला यायचाच.' ती म्हणाली, 'येऊ दे. पण तू उतरून बघ.' मागचं झाकण उघडलं. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी ओली होती. वरून कापडाचं विणकाम असलेली नळी, दिसायला अगदी नीट. मी बोटानं नुसती वाकवली आणि ती सुक्या काडीसारखी मोडली. पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकू लागलं. मुलगी मागच्या बाकावर, म्हणजे त्या इंजिनापासून दोन हातांवर, चित्रं काढत बसली होती.

मी तिला उचलून रस्त्याच्या कडेला नेलं. त्या दिवशी काही झालं नाही. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून घरी आणली. पण नंतर वाचलं ते असं, की या इंजिनाचा मुख्य सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्र धातूचा असतो. तो एकदा पेटला की पाण्यानं विझत नाही, उलट भडकतो. रात्री मला झोप लागली नाही. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, नळ्या बदललेल्या आहेत. त्यानं खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही, कधीतरी बदलल्याही असतील. पण मी एकदाही हात लावून बघितलं नव्हतं. चूक माझी होती.

तेव्हापासून माझा नियम ठरला. नळी डोळ्यांनी तपासायची नाही, हातानं वाकवून तपासायची. दर काही वर्षांनी, चांगल्या दिसत असल्या तरी, सगळ्या नळ्या बदलायच्या आणि बदलल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून इंजिनाच्या झाकणाला आतून चिकटवायची. हे मी आज मुद्दाम सांगतोय. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. भारतात २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला मानवत नाही. ते रबर फुगतं, चिरतं. तुमच्या घरी वडिलांची जुनी स्कूटर जपून ठेवली असेल, तर तिची पेट्रोलची नळी एकदा वाकवून बघा. इथेनॉल चालणारी नवी नळी घालून घ्या. खर्च फार नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भीती असेल तर गॅरेजमध्ये का देत नाही? देतो ना. ब्रेकचं मोठं काम, वेल्डिंगचं काम मी स्वतः करत नाही. तिकडं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ होऊ नये म्हणून मीठ टाकतात. ते मीठ पत्रा खातं. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून चाळण, अशी गत होते. तो पत्रा कापून नवा जोडणं जाणकाराचं काम. पण बाकी बरंच काही घरी करता येतं, कारण ही गाडी अशाच माणसांसाठी केल्यासारखी आहे. रेडिएटर नाही, पाणी नाही. चार आडवी सिलिंडरं, समोरासमोर दोन-दोन. हवेवर थंड होणारं इंजिन. १९६९ साली अमेरिकेत जॉन म्यूर नावाच्या माणसानं, अजिबात काही न येणाऱ्यांसाठी, ही गाडी जिवंत कशी ठेवावी याचं पुस्तक लिहिलं. ते वाचून कितीतरी लोकांनी पहिल्यांदा पाना हातात धरला. त्यातलाच मी एक, चाळीस वर्षं उशिरा.

हवेवर थंड होणारं इंजिन म्हटलं की पंखा आला. हा पंखा आणि डायनॅमो एकाच दांड्यावर असतात आणि एकाच पट्ट्यावर फिरतात. म्हणून समोर डायनॅमोचा लाल दिवा लागला, तर 'बॅटरी चार्ज होत नाही, घरी जाऊन बघू' असं म्हणून चालत नाही. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो. तिथल्या तिथं गाडी थांबवायची. मी एक जादा पट्टा आणि तो बदलायचे पाने कायम गाडीत ठेवतो.

ऑइल अडीच लिटर. या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून ऑइल लवकर बदलायचं, दर तीन हजार मैलांना. गाडीखाली जायचं तर जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नव्हे. सपाट, पक्क्या जमिनीवर, खाली मजबूत स्टँड लावायचे, चाकांना अडण लावायची आणि मगच अंग आत घालायचं. ब्रेकची धूळ फुंकून उडवायची नाही, कारण जुन्या ब्रेक-लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि हीटर. या गाडीत हवा गरम होते ती सायलेन्सरकडं जाणाऱ्या नळ्यांच्या भोवतीच्या आवरणात. आतली नळी गंजून तिला भोक पडलं, तर धूर थेट माणसांपर्यंत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून आमच्या गाडीत त्याची सूचना देणारी घंटी आहे. बाहेर कितीही गारठा असो, शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, हाही घरचा कायदा.

आता येतो टॅपेटकडे आणि आबांकडे.

२०११ च्या उन्हाळ्यात आबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय सत्त्याहत्तर. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पहिले चार दिवस ते खिडकीत बसून राहिले. पाचव्या दिवशी मी त्यांना गाडी दाखवली. त्यांनी चपला काढल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागचं झाकण उघडून म्हणाले, 'चालू कर.' मी चालू केली. मोठ्या अभिमानानं म्हटलं, 'बघा आबा, किती शांत चालतेय! गेल्या वर्षी टॅपेटचा टकटक आवाज यायचा, आता आपोआप बंद झाला.'

आबांनी मान वाकडी करून ऐकलं. मग म्हणाले, 'आपोआप? आपोआप काय बरं होत नसतंय. कधीपासनं गप झालंय?'

मला तारीख सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, आम्ही दोघं खाली आडवे झालो. हे काम इंजिन थंड असतानाच करायचं असतं. दोन्ही बाजूंना खाली एकेक झाकण असतं, तारेच्या कडीनं अडकवलेलं. ते काढलं की रॉकर दिसतात. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात ०.१५ मिलीमीटर फट ठेवायची. पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. ती फीलर गेजच्या पातीनं मोजायची. पहिलं सिलिंडर वरच्या टोकाला आणायचं, त्याचे दोन व्हॉल्व्ह लावायचे. मग पुली उलट दिशेनं अर्धा फेरा फिरवली की दुसरं, मग तिसरं, मग चौथं.

पहिल्या दोघांची फट जवळपास बरोबर होती. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला पाती आत जाईचना. फट शून्य. आबा म्हणाले, 'हा बघ तुझा शांतपणा.'

श्रोतेहो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह लालबुंद तापतो. तो पूर्ण बंद होऊन आपल्या बैठकीवर टेकतो, तेव्हा त्याची उष्णता बैठकीतून निघून जाते. फट संपली की तो पूर्ण टेकत नाही. मग तो आणखी तापतो, जळतो, कधी ताणला जाऊन त्याची मानच तुटते आणि तुकडा सिलिंडरमध्ये पडतो. इंजिन संपलं. आणि हे सगळं होत असताना आवाज वाढत नाही, कमी होतो. फट थोडी जास्त असेल तर टॅपेट वाजतं, कटकट करतं, पण इंजिन तगतं. फट संपली की कटकटही संपते. या इंजिनात तिसरं सिलिंडर जास्त तापतं हे जुन्या मेकॅनिकांना माहीत असतं. आबांनी ही गाडी आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. त्यांनी फक्त ऐकलं.

लॉकनट सैल करून आम्ही फट लावली. आबांनी पाती माझ्या हातात दिली. म्हणाले, 'ओढून बघ. अडली पण नको, सुटली पण नको. लोण्यातनं सुरी ओढल्यागत लागलं पायजे.' तीनशे मैलांनंतर पुन्हा बघितलं, तर तिसऱ्याची फट पुन्हा गायब. आबा म्हणाले, 'व्हॉल्व्ह ताणायलाय. उतरव इंजिन.' आम्ही ते जॅकवर घेऊन मागच्या मागं बाहेर काढलं. हेड उघडल्यावर व्हॉल्व्हची दांडी मानेजवळ बारीक झालेली दिसली. आणखी थोडे मैल गेले असते तर तुटली असती. हेड मशीनशॉपला दिलं, नवे व्हॉल्व्ह घातले, आणि तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा सुरू झाली. टकटक करत. आबा खूश. म्हणाले, 'आवाज करतंय तवर बरं असतंय. गप झालं की बघायचं.'

आबा कोल्हापूरला परत गेले. दर रविवारी माझा फोन ठरलेला. फोनवर त्यांच्या तक्रारी ठरलेल्या. नळाला पाणी येत नाही. शेजाऱ्यानं भिंतीला भिंत लावली. आणि पाय. त्यांना वीस वर्षांपासून साखरेचा आजार. 'पायाची आग होतीया, रात्रभर झोप नाही.' मी ऐकायचो, गोळ्या घेता का विचारायचो, आणि खरं सांगायचं तर फोन ठेवताना सुटल्यासारखं वाटायचं.

२०१४ च्या सुमारास तक्रारी कमी झाल्या. 'पाय कसा आहे आबा?' 'झकास. आता काय दुखत नाही.' मी बायकोला म्हटलं, 'आबांचं आता बरं चाललंय.' असे चार-पाच महिने गेले.

त्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी एकटाच गाडीखाली आडवा झालो होतो. टॅपेट तपासत होतो. एका व्हॉल्व्हला पाती घट्ट लागली. सवयीनं मनात आबांचं वाक्य आलं. आणि हात तिथंच थांबला. पायाचं दुखणं आपोआप थांबलं? आपोआप काय बरं होत नसतंय.

बाहेर आलो, हात न धुता फोन केला. आबांना नाही, बहिणीच्या मुलाला. त्याला म्हटलं, 'आत्ता जा. आजोबांचे पायमोजे काढ आणि तळवे बघ. ते नको म्हणतील, तरी बघ.' तासाभरानं त्याचा फोन आला. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, जखम होती. मोजा चिकटला होता. चपलेत खडा की खिळा, काय लागलं होतं आणि कधी लागलं होतं, आबांना सांगता येत नव्हतं. त्यांना ते कळलंच नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं, ते मी इथं सांगतो. मधुमेहात पायाच्या नसा खराब होतात. आधी आग होते, मुंग्या येतात, टोचतं. काही जणांच्या बाबतीत पुढं संवेदनाच जाते. माणसाला वाटतं बरं झालं. मग लागलेलं कळत नाही, त्याच जखमेवर माणूस चालत राहतो, ती चिघळते. आबांची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. महिनाभर उशीर झाला असता तर पाय वाचला असता असं सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी कोल्हापूरला आलो तेव्हा आबा खाटेवर होते. मी म्हटलं, 'तुम्ही मला इंजिनाचं शिकवलंत आणि स्वतःचं बघितलं नाही?' ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'स्वतःचं स्वतःला ऐकू येत नसतंय लेका. ऐकायला दुसरा लागतोय.'

त्या चार-पाच महिन्यांत मी दर रविवारी त्यांच्याशी बोलत होतो आणि ऐकत मात्र नव्हतो, हे मला अजून लागतं. त्यानंतर मी फोनवर 'बरं आहे ना?' असं विचारणं सोडलं. त्या प्रश्नाला 'बरं आहे' हेच उत्तर येतं. त्याऐवजी मी विचारायचो, 'आज काय बिघडलंय?' मग नळ, शेजारी, दूधवाला, सगळं यायचं. भाचा रोज संध्याकाळी तळवे बघायचा. आबा आणखी पाच वर्षं राहिले. २०१९ मध्ये गेले.

गाडी अजून आहे. ब्रिटनमध्ये २०१८ च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाही. मी तरी दर वर्षी ती करून घेतो. कायदा विचारत नाही म्हणून ब्रेक बिघडायचे राहत नाहीत, आणि माझ्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. माझी मुलगी आता पंचविशी ओलांडून गेली. गेल्या उन्हाळ्यात तिनं माझ्याकडून टॅपेट लावायला शिकून घेतलं. पाती ओढताना मी तिला लोण्यातल्या सुरीचं सांगितलं. ती म्हणाली, 'हे आजोबांचं वाक्य आहे, तुमचं नाही.' मग खालूनच ओरडून विचारलं, 'बाबा, तुमचा गुडघा हल्ली दुखत नाही वाटतं? बरेच दिवसांत काही बोलला नाहीत.'

मी तिला खरं उत्तर दिलं. गुडघा दुखतो, अजून दुखतोच.

श्रोतेहो, तुमच्या घरात जुनी गाडी असो वा नसो, जुनं माणूस असेल. ते कुरकुर करत असेल तर वैतागू नका. आणि एखाद्या दिवशी त्याची कुरकुर आपोआप थांबली, तर मोजे काढून तळवे बघा.